सातबारा इकडे, अंगठा तिकडे

सकाळचे साडेनऊ. मेहकरमधल्या एका बँकेचं शटर अजून अर्धंच वर गेलंय. पायऱ्यांवर चपलांची रांग लागली आहे. चपलांचे धनी समोरच्या निंबाच्या सावलीत उभे. जून लागलाय, पण आभाळ अजून कोरडं, पांढरं. वारा सुटतो तो धूळ घेऊनच. कुणी गमछा डोक्याला गुंडाळलाय, कुणी पासबुकानं वारा घेतंय. एक म्हातारबा भिंतीला टेकून पेंगतात. मधूनच डोळे उघडून आपल्या चपला जागेवर आहेत का, ते बघतात.

रांगेत बाया बऱ्याच आहेत. हातात बियाणं कंपनीच्या पिशव्या. पिशवीत सातबारा, आठ-अ, आधारकार्ड, नो-ड्यूज दाखला. घाम लागून ओले होऊ नयेत म्हणून कागद प्लास्टिकच्या थैलीत, थैलीला वर रबर.

शटर वर जातं. चपला जिथल्या तिथे राहतात, माणसं धावतात. आत पंखा फिरतो, पण हवा काउंटरपर्यंत येत नाही. माझ्यापुढे तिशीतली एक बाई आहे. तिचा नंबर येतो. साहेब कागद चाळतात. एका जागी बोट थांबतं.

"खातेदार कुठं आहे?"

"ते शारजाले हायेत, साहेब."

"मग सही कोण करणार?"

"मी करतो ना सई. वावर मीच पायतो."

साहेबांचा आवाज चढत नाही. त्यांना हे उत्तर नवं नाही. सातबारा ज्याच्या नावावर, त्याची सही. तो नसेल तर मुखत्यारपत्र. ते पुन्हा समजावून सांगतात, कागद तिच्याकडे सरकवतात आणि पुढच्याला हाक मारतात. बाई कागद मोजून थैलीत भरते. रबर दोनदा गुंडाळते.

बाहेर येऊन ती मला हिशेब सांगते. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर शेतकऱ्याला व्याज शून्य पडतं. गेल्या वर्षीचं तिनं फेडलंही. शारजाहून पैसे आले, ते आधी बँकेत भरले. आता नवं कर्ज उचलायचं, तर सही दोन हजारांहून जास्त किलोमीटरवर, समुद्रापलीकडे.

तिथून ती सेवा केंद्राकडे निघते, मी सोबत. बाजारगल्लीतून चालत जाताना दुकानांच्या पाट्या वाचत जावं. कृषी केंद्र, कृषी केंद्र, मोबाइल, झेरॉक्स, कृषी केंद्र, टूर्स अँड ट्रॅव्हल्स. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज. बस स्टँडच्या बाजूनं कंडक्टरच्या आरोळ्या येतात. लोणार, लोणार. चिखली, बुलडाणा. जानेफळ. मेहकरला रेल्वे नाही. इथला माणूस गाव सोडतो तो रस्त्यानंच.

सेवा केंद्र म्हणजे दहा बाय दहाचा गाळा. एक संगणक, दोन प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र आणि बाकावर पंधरा माणसं. पोराची बोटं कीबोर्डवर सतत चालू. एका म्हाताऱ्याचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. वखर-डवऱ्याच्या मुठीवर आयुष्य गेलं, रेषा झिजल्या. पोरगा ओल्या फडक्यानं अंगठा पुसून देतो. "दाबा बाबा. अजून जरा." तिसऱ्या खेपेला दिवा हिरवा होतो. बाकावर सगळ्यांनाच बरं वाटतं.

बाईचं काम ई-केवायसीचं. केंद्राच्या सन्मान निधीचे वर्षाला 6000, राज्याच्या योजनेचे 6000, मिळून 12,000 रुपये. अतिवृष्टीचं अनुदान, पीकविमा, फार्मर आयडी, सगळ्याला खातेदाराचा आधार लागतो. अंगठा नाहीतर ओटीपी. अंगठा शारजाला. ओटीपी ज्या नंबरवर येतो ते सिमकार्डही नवऱ्याच्या खिशात तिकडेच गेलं, आणि रिचार्ज नसल्यानं आता बंद पडलंय.

"सिम तरी इथं ठेवून जायचं होतं ना, ताई," पोरगा म्हणतो.

"तवा कोनाले माहीत, दादा?"

तिच्या शेजारी एक तरणा पोरगा बसलाय. पांढरा शर्ट, नव्यानं कापलेले केस. पासपोर्टचा अर्ज भरायला आलाय. साधी फी 1500 रुपये. संगणकावरचा पोरगा विचारतो, दहावी पास का? तो मान हलवतो. नापास. मग पासपोर्टवर ईसीआर येणार. दहावी न झालेल्या माणसाला आखाती देश धरून एकूण 18 देशांत कामासाठी जायचं, तर सरकारची वेगळी परवानगी लागते. 1983 च्या कायद्यानं ती घातली, माणूस फसू नये म्हणून. तरण्याला ही अडचण वाटते. "एजंट म्हणते, व्हिजिटवर जाऊ, मंग तिथं बदलू."

बाई त्याच्याकडे वळून बघते. तिचा नवराही असाच गेलाय.

कृषी केंद्रात उभं राहायला जागा नाही. खताच्या पोत्यांचा उग्र वास नाकात बसतो. दारातच टेम्पो रिकामा होतोय, हमालाच्या पाठीवर पांढरी भुकटी. डीएपीची 50 किलोची गोणी 1350 रुपये. सोयाबीनचं बियाणं एकरी 30 किलो. कुणी फुले संगम मागतं, कुणी अजून 335 वरच अडून आहे. भिंतीवर कृषी विभागाचा कागद डकवलाय, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. त्याच्याखालीच लोक उधारीचं बोलतात.

बाई तीन बॅगा मागते. दुकानदार वही उघडतो.

"दादांचा फोन येऊ द्या. ते म्हणले का, नेऊन जा."

शेत ती पाहते. माल ती ओळखते, दुकानदार तिला ओळखतो. पण वहीत नाव नवऱ्याचं. ती फोन लावते. तिकडे कामाची वेळ, उचलला जात नाही. ती बाजूला होते, पोत्यांच्या थप्पीला टेकून उभी राहते. पाऊण तासानं व्हॉट्सॲपवर आवाज येतो. दुकानदाराच्या कानाला मोबाइल लावला जातो. दोन वाक्यं होतात. बॅगा बाहेर येतात.

काळी-पिवळी भरली तरी सुटत नाही. ड्रायव्हर अजून तिघांची वाट पाहतोय. टपावर बियाणं, मांडीवर लेकरं, पायाशी कोंबडीची पाटी. गाडी एकदाची हलते. पैनगंगेचा पूल लागतो. खाली वाळू, दगड आणि कडेला डबक्यापुरतं पाणी. पुढे काळं रान, वखरून ठेवलेलं. धुऱ्यावर बाभळी. काडीकचरा वेचून ठिकठिकाणी पेटवलाय, धुराच्या रेघा सरळ वर जातात. लांबवर समृद्धी महामार्गाचा भराव दिसतो. 701 किलोमीटरचा हा रस्ता याच तालुक्यातून जातो, मेहकरला चढायला-उतरायला जागा आहे. गाडीतलं एक पोर भरावावरून पळणाऱ्या ट्रका मोजत बसतं.

गाडीत बोलणं निघतं ते कोण कुठे आहे याचं. मेहकर म्हणजे रत्नागिरी नव्हे. इथून आखातात जाणारी माणसं मोजकी. जास्त जण पुण्याला जातात, बांधकामावर, कंपनीत, सिक्युरिटीत. काही सुरतेला. दसरा झाला की कोयता घेऊन जोड्या ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात आणि खाली कर्नाटकात. मुकादमाची उचल आधी घेतलेली असते. उन्हाळ्यात परत येतात, तेव्हा कुणाचं लेकरू शाळेतून गळालेलं असतं. शारजाची वाट याच वाटांना पुढे फुटलेली आहे. बाईचा नवरा आधी चार दिवाळ्या पुण्यात सेंटरिंगवर होता. तिथेच त्याला कुणी सांगितलं, तिकडे दुप्पट मिळतात.

गाव येतं. पार, मारुती, पाण्याची टाकी. उन्हात गल्ली सुनी. पारावर बसलेले सगळे साठीच्या पुढचे. शाळा बंद आहे, म्हणून पोरं चिंचेखाली गोट्या खेळतात. मधल्या वयाचा पुरुष शोधावा लागतो.

घर अर्धं मातीचं, अर्धं विटांचं. नव्या भागाला स्लॅब पडलाय, गिलावा नाही. स्लॅबातून लोखंडी सळया वर निघालेल्या, गंजून तांबड्या. सासू ओसरीवर तूर निवडते. सासरे बाजेवर. त्यांना दम्याचा त्रास, तीन शब्द बोलले की थांबतात. बाई आल्याआल्या पदर खोचते, माठातून पाणी देते, चूल पेटवते. गॅस आहे, पण तो पाव्हण्यांसाठी आणि पावसाळ्यासाठी.

भिंतीवर बँकेचं कॅलेंडर. त्यावर तारखांभोवती गोल. हे गोल पैसे आल्याचे. चहा होईस्तोवर ती आकडे सांगते. पगार हजार दिरहम. एक दिरहम 23 रुपयांचा धरला, तर महिन्याला 23 हजार. नवरा खाण्याला, फोनला ठेवून 15-16 हजार पाठवतो. एजंटानं सव्वा लाख घेतले होते, ते शेकडा तीननं उचलले. महिन्याचं व्याजच 3750. पोरांची फी, सासऱ्यांचा दम्याचा पंप, किराणा. उरतं त्यात वावर.

"एजंटानं पावती दिली का?"

"पावती कायची, भाऊ?"

परवानाधारक भरती एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. ईसीआर पासपोर्टवर रीतसर परवानगीनं गेलेल्या मजुराचा सरकारी विमाही निघतो. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये, तीन वर्षांचा 375. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 10 लाख. हे मी सांगतो तेव्हा सासू निवडायचं थांबवते. सूप मांडीवर तसंच. व्हिजिट व्हिसावर गेलेल्याच्या वाट्याला यातलं काही येत नाही. हे सांगताना माझाच आवाज खाली जातो.

मोबाइल वाजतो. पडद्यावर खोली दिसते, वरखाली पलंग, दोरीवर निळे कामाचे कपडे. लेक धावत येते, मोबाइल हिसकावते. "पप्पा, पाऊस नाही आला अजून." तिकडून हसू येतं. तिकडे पाऊस विचारायची सोय नाही. तिकडचं ऊन इतकं की 15 जूनपासून 15 सप्टेंबरपर्यंत दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करवून घ्यायला कायद्यानं बंदी आहे. इकडे मृग 7-8 जूनला लागतो. इथं पेरणीची घाई सुरू होते, त्याच दिवसांत तिथं भर दुपारी माणसं सावलीत बसवावी लागतात.

तो विचारतो, बँकेत झालं का? ती म्हणते, पाहू. बियाणं आणलं हे आधी सांगते.

ऊन कलल्यावर आम्ही वावरात जातो. गाडरस्त्यानं वीस मिनिटं. साडेतीन एकर. महाराष्ट्रातली सरासरी वहितीही एवढीच, 2015-16 च्या कृषिगणनेत 1.34 हेक्टर. दर पाच खातेदारांतले चार जण अल्प नाहीतर अत्यल्प भूधारक. रान काळंभोर, ढेकळं फुटलेली. कोपऱ्यात एक निंब, त्याखाली पाण्याचा डेरा. ती चप्पल धुऱ्यावर काढते आणि मगच रानात पाऊल टाकते.

नवरा होता तेव्हा बैलजोडी होती. तो गेल्यावर दुसऱ्याच उन्हाळ्यात विकली. बैलाला माणूस लागतो, सकाळी वैरण, रात्री पाणी. आता ट्रॅक्टर भाड्यानं. ट्रॅक्टरवाला ज्याच्या वावरात पुरुष उभा असेल तिथं आधी जातो, असं ती सांगते. वाफसा चार दिवसांचा असतो. तिचा नंबर पाचव्या दिवशी लागतो.

मधली दीड एकर तिनं ठोक्यानं दिलीय. चुलत दीर करतो. निंदणाला बाया मिळत नाहीत, म्हणून तणनाशक मारलं जातं. डवरणी दोनदा व्हायची, ती एकदाच होते. शेणखत कमी पडतं, कारण गोठा रिकामा. असं एकेक काम सुटत जातं आणि जमीन ते सगळं धरून ठेवते. दोन वर्षांत उतारा एकरी दोन क्विंटलांनी उतरल्याचं ती सांगते. सोयाबीनचा हमीभाव 2025-26 च्या हंगामासाठी 5328 रुपये क्विंटल. त्याआधीच्या हंगामात तो 4892 होता आणि बाजार समितीत भाव बहुतेक वेळ त्याच्या खालीच राहिला. दोन क्विंटल कमी म्हणजे एकरी आठ-नऊ हजार गेले. शारजाच्या पगारातला तेवढा भाग इथं मातीतच फिटतो.

"ते म्हणतेत, मेहकरले प्लॉट घेऊ. वावर नको आता."

"तुम्ही काय म्हणता?"

ती लगेच बोलत नाही. वाकून एक ढेकूळ उचलते, मुठीत फोडते. आत ओल नाही.

"मले वावर येते, भाऊ. प्लॉटचं मी काय करू?"

पूर्वेकडे ढग जमलेले दिसतात. शेजारच्या वावरातून एक म्हातारी ओरडून विचारते, "येते का वं आज?" दोघीही हात कपाळाला लावून बघतात. वारा पडलेला आहे. अंगाला घाम चिकटतो. पाऊस आला तरी तिला थांबावं लागणार आहे, ट्रॅक्टरसाठी, उधारीसाठी, सहीसाठी.

मेहकरला परत येईस्तोवर दिवे लागतात. हायवेच्या कडेला ट्रॅव्हल्सच्या गाड्या उभ्या. पुणे, पुणे. मुंबई. डिक्कीत ज्वारीची पोती, लोणच्याच्या बरण्या, गाद्यांच्या वळकट्या. पिठाचा डबा एक आई पोराच्या हातात देते, तो घेत नाही, ती पुन्हा देते. बाप जरा लांब उभा, तंबाखू मळतो. कंडक्टर नावं पुकारतो. बसच्या एसीचं पाणी रस्त्यावर ठिबकतं. पुण्याला सकाळी पोचायचं. मुंबईच्या गाडीत एखादा असतो, ज्याला तिथून विमानतळ गाठायचाय. त्याच्याभोवती माणसं जास्त. बॅगेला लाल रिबीन बांधलेली, पट्ट्यावर ओळखू यावी म्हणून.

आखाती देशांत आज सुमारे 90 लाख भारतीय आहेत. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार 2023-24 मध्ये परदेशातून देशात आलेल्या पैशातला सर्वांत मोठा वाटा, 20.5 टक्के, महाराष्ट्रात आला. त्याचा मोठा भाग शहरांतल्या खात्यांत जात असावा. कॅलेंडरवरचे गोल मोजले की मेहकरच्या वाट्याला काय येतं ते कळतं. आणि ज्या घरात तो पैसा येतो, तिथली शेती जी बाई करते, तिचं नाव कागदावर कुठेच नसतं. त्याच कृषिगणनेप्रमाणे देशातल्या वहितीदारांमध्ये बायांचं प्रमाण जेमतेम 14 टक्के आहे.

जाणाऱ्याला थांबवावं असं मी म्हणणार नाही. साडेतीन एकरांत घर भागत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण बॅग भरण्याआधी त्यानं चार कामं करावीत. एजंटाचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासावा आणि पावतीशिवाय रुपया देऊ नये. व्हिजिट व्हिसावर कामाला जाऊ नये. आधारला जोडलेलं सिम घरी ठेवावं आणि बायकोच्या नावे मुखत्यारपत्र करून जावं. आणि सातबाऱ्यावर तिचं नाव लावावं. 1992 पासून महाराष्ट्रात लक्ष्मीमुक्ती योजना आहे. नवऱ्यानं तलाठ्याकडे अर्ज केला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. मुद्रांक लागत नाही, पैसे लागत नाहीत.

तलाठ्यांनी हा अर्ज मागून घ्यावा, तो येण्याची वाट पाहत बसू नये. ग्रामसभेत त्यासाठी एक दिवस ठेवावा, ऊसतोडीच्या जोड्या गाव सोडतात त्याआधीचा. बँकेनं मुखत्यारपत्राचा नमुना काउंटरवरच ठेवावा. जमीन जी कसते, तिच्या सहीला बँकेत किंमत असली पाहिजे. शेत वाचवायचं असेल तर सुरुवात तिथूनच करावी लागेल.